भ्यायला सवड नव्हती

"म्हणा, मला भीती वाटली," शेटे वकील म्हणाले.

"कुणाला?"

"तुम्हाला, मावशी. म्हणा, मला जिवाची भीती वाटली."

"कुणाची?"

"सर्जेराव थोरवतची."

मी हसले. टेबलावर पाण्याचा तांब्या होता, त्यातलं दोन घोट पाणी प्याले आणि परत हसले. माझी सून मालन शेजारीच बाकावर बसली होती. तिनं पदराखालून माझ्या मांडीला चिमटा काढला.

"सर्ज्याची?" मी म्हटलं. "वकीलसाहेब, ह्याची आई माझ्याकडं बोंबील घ्यायला यायची, तवा हा तिच्या पदरात तोंड खुपसून उभा राहायचा. वासानं मळमळायचं त्याला. त्याला भ्यायचं?"

"आता तो पैलवान आहे. वजन शंभराच्या पुढं आहे."

"म्हशीचं त्याहून जास्त असतंय. रोज धार काढते मी."

शेट्यांनी पेन खाली ठेवलं. तरणा माणूस, पण माझ्या केसमुळं कपाळावर म्हाताऱ्यासारख्या आठ्या पडल्या होत्या. "मावशी, नीट ऐका. त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलंय. हाड मोडलं की कायद्यानं ती गंभीर दुखापत. सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुमच्यासाठी एकच दार उघडं आहे. अंगावर आलेल्या माणसाला स्वतःच्या बचावासाठी मारलं, तर तो गुन्हा होत नाही. पण त्या दारातनं जायचं तर जरा वाकावं लागतं. आपल्याला इजा होणार अशी भीती वाटली पाहिजे. आणि तुम्ही काय केलंत? अख्ख्या बाजाराला सांगत सुटलात, एक खांदा मोडला, थांबला असता तर दुसराही मोडला असता. आता तेच सांगायला साक्षीदार येणार आहेत."

"येऊ देत. खोटं कुठं सांगतायत?"

"आत्याबाई!" मालन म्हणाली.

"अंगावर आला हे सांगते. दंड धरला हे सांगते. भ्याले हे मी सांगणार न्हाई."

"का पण?" शेट्यांनी हात पसरले. "एक शब्द आहे हो तो!"

त्यांना काय सांगणार? ते वकील, बाजारात पिशवी घेऊन येणार आणि पिशवी भरून जाणार. पोत्यावर कधी बसले नाहीत.

आमच्या भाटवडीचा बाजार गुरुवारचा. पंचायतीचा माणूस पावती फाडतो, पण कुणी कुठं बसायचं हे पंचायत सांगत नाही. ते आम्हीच ठरवतो, माझ्या सासूच्या आधीपासून. उजाडायच्या आत आपलं पोतं अंथरायचं आणि बाजार उठेपर्यंत त्यावरनं हलायचं नाही. लघवीला जायचं झालं तरी शेजारणीनं तुमच्या पोत्यावर गुडघा टेकायचा आणि तुम्ही येईपर्यंत तो उचलायचा नाही. रिकामं पोतं म्हणजे सोडलेलं पोतं. आणि दमदाटीनं जी एकदा उठली, तिच्या पोत्यावर परत कुणी गुडघा टेकत नाही.

चंपा भांडीवाली अशीच एका दारुड्यापायी उठली होती. तो काठी घेऊन आला, ही गुपचूप बाजूला झाली. सगळ्याजणी म्हणाल्या, शहाणपण केलंस बाई, लेकरंबाळं आहेत तुला. पुढच्या गुरुवारी तिच्या जागेवर खारे शेंगदाणे होते. ती आता ओढ्यापलीकडं, जिथं बैलगाड्या सोडतात तिथं बसते. शहाणी बाई आहे.

माझी जागा एसटी स्टँडच्या तोंडाशी. गाडीतनं उतरलेला माणूस पहिला माझ्या सुकट-बोंबलावरनं जातो, नाक मुरडत का होईना. सासूनं ती जागा मला दिली, मी मालनला देणार. सर्ज्याला ती पाहिजे होती त्याच्या मेहुण्याच्या प्लॅस्टिकच्या बादल्यांसाठी. आधी निरोप आला, मग मेहुणा स्वतः आला. मी त्याला म्हटलं, बादल्या काय, कुठंही ठेवल्या तरी पाणी भरतंय. मग सर्जा आला.

गुरुवार, भर बाजार. मी तागडी हातात धरून चौकीतल्या हवालदाराला पावशेर सुकट तोलत होते. सर्जा समोर येऊन उभा राहिला. त्याच्या मागं त्याचे दोघं सोबती. एक पान खात होता, दुसरा नुसताच बघत होता.

"मावशी, ऊठ," सर्जा म्हणाला.

"पाय दुखतायत का माझे बघायला आलास? न्हाई दुखत. जा."

"मी नीट सांगतोय."

"मी पण नीटच बसलीय."

हवालदारानं माझ्या हातातनं सुकटीची पुडी घेतली आणि मागं सरला. इतका नीट मागं सरला की कुणाच्या पायावर पाय पडला नाही. माझ्या डाव्या अंगाला जैनब लसूणवाली. तिनं आपल्या जुड्या पदराखाली ओढल्या. ओळीतल्या सगळ्याजणी वळून बघायला लागल्या. गिऱ्हाइकांनी गोल केला.

"उठतीस का उचलू?"

"उचल की. तालमीत शेंगदाण्याचं पोतं उचलत होतास म्हणं."

मागचा पानवाला हसला. ते हसू सर्ज्याला लागलं. तो वाकला आणि त्यानं माझा डावा दंड धरला. हिसका दिला तशी पारडी खाली पडली, सगळी सुकट पायावर सांडली. माझ्या उजव्या हातात तागडीची लोखंडी दांडी राहिली. ती मी फिरवली. मान आणि खांदा जिथं मिळतात तिथं बसली. ओला फाटा मोडल्यागत आवाज आला आणि पैलवान माझ्या बोंबलांत बसला.

पोत्यावरनं मी इंचभर हलले नव्हते. हे सगळ्यांनी बघितलं. पुढं महिनाभर मी जिथं जाईन तिथं लोक मला जागा करून देत होते. पिठाच्या गिरणीत रांग मोडून माझं दळण आधी घेत होते. एवढं सगळं कोर्टात एका शब्दानं परत करायचं?

तारखा पडत गेल्या. पावसाळा सरला, जोंधळा काढला तरी तारखा चालूच. दर तारखेच्या आधी शेटे मला समोर बसवायचे आणि म्हणायचे, म्हणा. मी म्हणत नव्हते. मग त्यांनी वाट बदलली. "बरं, भीती नको. 'मला काही सुचेना' असं म्हणा."

"सुचलं म्हणून तर मारलं."

"'माझा तोल गेला' असं म्हणा!"

"तागडी धरणाऱ्या बाईचा तोल जातो म्हणून सांगू? उद्या गिऱ्हाईक कोण येईल?"

शेट्यांनी डोकं धरलं.

साक्षीच्या दिवशी अख्खी ओळ कोर्टात आली. जैनब, काकडीवाली, बांगड्यावाली, सगळ्याजणी ठेवणीतली लुगडी नेसून मागच्या बाकांवर बसल्या. सर्ज्याची तालीम दुसऱ्या बाजूला. लग्नात दोन्हीकडचे बसावेत तशी बसणूक. बाहेर पायरीवर मालननं मला थांबवलं.

"आत्याबाई, एकदा म्हणा. माझ्यासाठी म्हणा."

"तुझ्यासाठीच म्हणत न्हाई. मी भ्याले म्हटलं की ह्या सगळ्या ऐकणार. त्याच्या तालमीतले पण ऐकणार. येत्या गुरुवारी बादल्या येतील. मग बस तू ओढ्यापलीकडं चंपाशेजारी."

"आणि तुम्ही आत गेलात तर? पोत्यावर एकटी बसू मी? माझ्यात हाय का ते? मला तो 'ऊठ' म्हणायच्या आधीच मी उठलेली असंन."

खरंच उठली असती ती. माझी जीभ तिला नाही, आणि तिची गोडी मला नाही. मी आत गेले तर जागा जाणार, भ्याले म्हटलं तरी जाणार. मी तिला म्हटलं, "चल, पंख्याखालची जागा धरू."

जज्ज म्हणजे एक तरणी बाई होती, चष्मा लावलेली. सर्जा पिंजऱ्यात उभा राहिला. सरकारी वकिलानं त्याला पढवलं होतं, आणि पढवल्यासारखंच तो बोलला. आपण मावशींना हात जोडून विनंती करायला गेलो. मावशींनी शिव्या दिल्या. आपण परत जायला वळलो, तेवढ्यात मावशींनी दांडी मारली. आपण गरीब माणूस. बोलताना त्यानं खांदा असा धरला होता, जसं हाड आत्ताच मोडलंय.

मागनं जैनब कुजबुजली, "या अल्ला, हा तर गोगलगाय झाला."

शेटे उलटतपासाला उठले. कागद चाळले. माझ्याकडं एकदा बघितलं, सर्ज्याकडं एकदा बघितलं, आणि कागद खाली ठेवले. नंतर ते मला म्हणाले, इतके महिने तुमच्याशी डोकं फोडलं, म्हणून त्याच्यातला तोच रोग ओळखता आला.

"पैलवान," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "मावशींच्या हातातली दांडी तुम्ही बघितली होती?"

"बघितली हुती."

"आणि ती बघून तुम्ही परत फिरलात."

"व्हय."

"म्हणजे मागं हटलात."

"फिरलो," तो म्हणाला.

"तेच. साठीची म्हातारी, बसलेली, हातात सुकट तोलायची दांडी. ती बघून तुम्ही मागं फिरलात. बरोबर आहे, माणसानं जिवाला जपावं. तुमचे सोबती कुठं होते?"

"माझ्या मागं."

"त्यांच्या देखत मागं फिरलात?"

तालमीच्या बाकांवर कुणीतरी खाकरलं. आमच्या बाजूला काकडीवाली फिसकन हसली. सर्ज्यानं खांद्यावरचा हात काढला.

"मला हटायचं काय कारण?"

"घाबरलात म्हणून."

"कोण?"

"तुम्ही. मावशींना."

"ओ वकील! चार जिल्ह्यांतनं कुस्त्या मारल्यात मी! मी बाईला भिऊन मागं हटंन? दांडी वर आल्याली दिसली हुती मला, तरी पुढं गेलो मी!"

सरकारी वकील उठून उभा राहिला. "साक्षीदारानं फक्त विचारलेल्या प्रश्नाचं..."

"विचारतोय ना मी," शेटे म्हणाले. "पुढं कशाला गेलात, पैलवान? विनंती करायला?"

"इनंती कसली! उठवायला! दंड धरला हुता मी तिचा, हा असा!" आणि त्यानं पिंजऱ्याचा कठडा असा आवळला की लाकूड करकरलं. "उचलूनच टाकणार हुतो!"

जज्जबाईंनी मान वर केली. "हे लिहून घ्या," त्या म्हणाल्या. सरकारी वकील खाली बसला आणि त्यानं फाइल मिटली. सर्ज्यानं तालमीकडं बघितलं. तिकडं सगळ्यांच्या माना ताठ झाल्या होत्या. आपली केस बुडाली हे त्यांतल्या एकालाही कळलं नव्हतं, आणि कळलं असतं तरी चाललं असतं.

पुढच्या तारखेला मला जज्जबाईंनी समोर बोलावलं. ओळ परत हजर. शेटे माझ्या कानाशी लागून म्हणाले, "आता नुसतं हो म्हणायचंय. विचारतील, भीती वाटली का? हो म्हणा, आणि घरी चला."

"तुमच्या मागं मोकळी जागा होती असं पंचनाम्यात आहे," जज्जबाई म्हणाल्या. "शाळेच्या भिंतीपर्यंत. तुम्ही उठून बाजूला का झाला नाहीत?"

"उठता आलं असतं, बाई. पण त्या दिवशी उठले असते तर दर गुरुवारी उठावं लागलं असतं."

"पोलीस चौकी जवळच आहे. तिथं का गेला नाहीत? त्यांच्याकडं जायला वेळ होता की नव्हता?"

"जायची गरजच नव्हती. पोलीस माझ्या पुढ्यातच उभे होते. पावशेर सुकट घेतली आणि गेले."

कोर्ट हसलं. दाराशी उभा असलेला तोच हवालदार वर पंख्याकडं बघायला लागला. जज्जबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसला.

"त्यानं तुमचा दंड धरला, तेव्हा तुम्हाला भीती वाटली का?"

शेटे माझ्याकडं बघत होते. मालननं डोळे मिटले होते. तिचे ओठ हलत होते, माझ्या वतीनं तीच हो म्हणत होती. तिच्यामागं जैनब, काकडीवाली, बांगड्यावाली. पलीकडं तालीम. सर्जा पुढं वाकून कान देऊन बसला होता. हो म्हटलं तर त्याला काय मिळणार हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

"बाई," मी म्हटलं, "एवढी माणसं बघत होती. भ्यायला सवड नव्हती."

शेट्यांनी खुर्चीला मान टेकली. जज्जबाईंनी माझ्याकडं बघितलं. मग मान खाली घालून काहीतरी लिहिलं. मला वाटलं, सात वर्षं लिहितायत.

निकालाच्या दिवशी मी सुटले. निर्दोष. मालन रडली, जैनबनं तिला जवळ घेतलं. बाहेर व्हरांड्यात शेटे मला निकाल वाचून दाखवायला लागले. आनंदानं त्यांचा आवाज चढला होता. "ऐका मावशी, काय सुंदर लिहिलंय. 'फिर्यादीनं स्वतःच कबूल केल्याप्रमाणे तो आरोपीच्या अंगावर गेला. अशा वेळी माणसानं पळूनच गेलं पाहिजे, असं कायदा सांगत नाही.' आणि हे बघा, 'आरोपी ही वयोवृद्ध, असहाय व भयभीत स्त्री असून...'"

"काय असून?"

"भयभीत. म्हणजे..."

"म्हणजे कळतं मला. कुणी सांगितलं त्यांना?"

"तुम्हीच की. सवड नव्हती म्हणालात, म्हणजे विचार करायलासुद्धा वेळ नव्हता. त्याचा कायद्यात अर्थ..."

"मी असं म्हटलं न्हाई. खोडायला सांगा."

"मावशी, सुटलात तुम्ही!"

"सुटले ते ठीक झालं. पण असहाय कोण? ह्याच्यावर वरच्या कोर्टात जाता येतं का?"

"निर्दोष सुटलेल्या माणसानं वरच्या कोर्टात जायचं नसतं," शेटे म्हणाले. "हात जोडायचे असतात." आणि त्यांनीच माझ्यापुढं हात जोडले आणि निघून गेले.

कोर्टासमोर चहाची टपरी आहे. मालन गाडी कधी आहे ते विचारायला पलीकडं स्टँडवर गेली, ओळ तिच्या मागनं गेली. मी बाकड्यावर बसले. चहा येतो न येतो तोच बाकडं दुसऱ्या टोकाला दबलं. सर्जा होता. त्यानंही चहा सांगितला. दोघं फुंकत बसलो.

"माझ्याबद्दल बरं लिवलंय," तो म्हणाला. "आक्रमक इसम."

"तुझं नशीब. मला असहाय लिहिलंय."

"वाचलं मी." त्याला हसू आलं, पण त्यानं ते चहात घातलं. मग इकडंतिकडं बघितलं. जवळ कुणी नव्हतं. "मावशी, एक सांगू? कुणाला बोलणार न्हाई ना?"

"बोल."

"त्या दिवशी माझ्या मागं ती दोघं उभी नसती ना, तर मी 'ऊठ' म्हणून झाल्यावर गेलोच असतो. मी मनात म्हणत हुतो, ही म्हातारी जरा तरी हलू दे. नुसतं गुडघा उचलू दे. मग मी म्हणणार हुतो, जाऊ दे, बाईमाणूस हाय, आणि फिरणार हुतो."

मी कप खाली ठेवला.

"आणि मी मनात म्हणत होते," मी म्हटलं, "हा मेला एक पाऊल मागं जाऊ दे. मी दांडी खाली ठेवते आणि ह्याला बोंबलाचं कालवण कसं करतात ते विचारते, ह्याच्या आईला ठाऊक होतं."

"मग का न्हाई विचारलं?"

"तू का न्हाई फिरलास?"

माझ्या मागं शाळेच्या भिंतीपर्यंत मोकळी जागा होती, त्याच्या मागं सगळा रस्ता होता. पंचनाम्यात तेवढंच लिहिलं होतं. जैनब आणि तो पानवाला कुठं होते, हे कुणी मोजलं नव्हतं.

पलीकडं भाटवडीची गाडी लागली. मालननं खिडकीत रुमाल टाकून जागा धरली आणि दारातनं हाक मारली, "आत्याबाई, चला! गाडी सुटली!" तिच्यामागं दारात आमची ओळ उभी राहिली. पुढच्या दारात सर्ज्याची तालीम. तोही त्याच गाडीनं जाणार होता. सगळ्यांचे डोळे आमच्या बाकड्याकडं.

"ऊठ की," मी सर्ज्याला म्हटलं. "गाडी लागलीय."

"तुमी उठा. तुमी थोरल्या."

"तुला लांब जायचंय. मळ्यात."

"मला काय घाई हाय?"

कंडक्टरनं घंटी दिली. मालन ओरडली, त्याचा पानवाला ओरडला. सर्ज्यानं टपरीवाल्याला बोट दाखवून आणखी एक चहा सांगितला.

"दोन सांग," मी म्हटलं.

गाडी गेली.